यादीबाहेरचे मूल

बंगळुरूच्या बळ्ळारी रस्त्यावर राष्ट्रीय क्षयरोग संस्था आहे. १९५९ साली ती स्थापन झाली आणि पहिल्या काही वर्षांतच तिथल्या एका अभ्यासाने सार्वजनिक आरोग्यातला एक पक्का समज मोडून काढला. क्षयाचे रुग्ण अडाणी असतात, खोकल्याकडे दुर्लक्ष करतात, दवाखान्याची पायरी चढत नाहीत, म्हणून रोग पसरतो, असे तेव्हा बहुतेकांना वाटत असे. देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन या अभ्यासकांनी शेजारच्या तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत क्षय आढळलेल्या माणसांच्या मुलाखतींवरून या समजाची परीक्षा घेतली. त्यांचा निबंध १९६३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. थुंकीत जंतू सापडलेल्या बहुतेकांना आपल्याला काहीतरी झाले आहे याची जाणीव होती, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक लोक सरकारी दवाखान्यात जाऊनही आले होते. तिथे त्यांची थुंकी कोणी तपासली नाही. बहुतेकांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन घरी पाठवण्यात आले. माणूस दारापर्यंत आला होता. त्याला ओळखण्याची व्यवस्था दाराच्या आत नव्हती. साठ वर्षांपूर्वीच्या या निष्कर्षाने क्षयरोग कार्यक्रमाला वळण दिले. क्षयाचे निदान आणि उपचार वेगळ्या इस्पितळांत न ठेवता सर्वसाधारण दवाखान्यांतच व्हावेत, हे धोरण त्यातून बळकट झाले.

आज त्याच शहरात बालकांच्या लसीकरणाची आणि आरोग्य तपासणीची चर्चा होते तेव्हा तोच जुना समज नव्या शब्दांत ऐकू येतो. लोकांमध्ये जागृती नाही, अफवा फार आहेत, आईबापांना महत्त्व कळत नाही, असे सांगितले जाते. त्यावर उपाय म्हणून फलक लागतात, प्रभातफेऱ्या निघतात, नामवंतांच्या हस्ते मोहिमांची उद्घाटने होतात. माझे म्हणणे असे की बंगळुरूसारख्या महानगरात लस चुकलेले मूल बहुतेक वेळा नकार देणाऱ्या घरातले नसते. ते यादीत नसलेल्या घरातले असते. म्हणून जागृतीवर होणाऱ्या खर्चाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक खर्च मुले मोजण्यावर, त्यांचा माग ठेवण्यावर आणि तो माग ठेवणाऱ्या बायांवर झाला पाहिजे. तपासणीच्या कार्यक्रमांनाही हाच न्याय लागू आहे.

पुरावा म्हणून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचे आकडे घ्यावेत. या फेरीनुसार कर्नाटकात ९७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. म्हणजे जवळजवळ प्रत्येक बाळ जन्मताना आरोग्य यंत्रणेच्या हातात असते. पण १२ ते २३ महिन्यांच्या बालकांत सर्व मूलभूत लसी पूर्ण झालेल्यांचे प्रमाण ८४.१ टक्के आहे. आधीच्या फेरीत ते ६२.६ टक्के होते. ही वाढ मोठी आहे आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. महाराष्ट्र याच काळात ५६ टक्क्यांवरून ७३.५ टक्क्यांवर आला. तरीही कर्नाटकात जन्माच्या वेळी हाताशी असलेली शंभरातली तेरा मुले दोन वर्षांची होईपर्यंत कुठेतरी निसटली, हे उरतेच. जी आई बाळंतपणासाठी सरकारी दवाखान्यावर विश्वास टाकते ती दीड महिन्यांनी लसीसाठी त्याच दवाखान्याला नाकारते, हे पटण्यासारखे नाही. देशभराचे चित्र आणखी बोलके आहे. पूर्ण लसीकरण खेड्यांत ७६.८ टक्के तर शहरांत ७५.५ टक्के. शाळा, इस्पितळे, डॉक्टर आणि माहितीची साधने यांत शहर कितीतरी पुढे असूनही लसीकरणात ते खेड्याच्या मागे आहे. अज्ञान हे मुख्य कारण असते तर आकडे उलटे दिसले असते.

खेड्याकडे आहे आणि शहराकडे नाही अशी गोष्ट एकच: कोणाच्या घरी मूल आहे हे माहीत असलेला माणूस. साधारण हजार वस्तीच्या गावात आशाताईला आणि अंगणवाडी सेविकेला प्रत्येक गरोदर बाई नावाने ठाऊक असते. शहरात एका आशाताईकडे दोनशे ते पाचशे घरे आणि एका शहरी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पन्नास हजार लोक, असे राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानाचे प्रमाण आहे. ही घरे स्थिर राहत नाहीत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत बंगळुरू शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४७ टक्क्यांनी वाढून ९६ लाखांवर गेली. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. २०२१ची लांबली आणि आता २०२७ मध्ये व्हायची आहे. व्हाइटफील्ड, सर्जापूर, देवनहळ्ळी या बाजूंना ज्या वस्त्या उभ्या राहिल्या त्यांचा हिशेब दीड दशकापूर्वीच्या आकड्यांवर चालतो. बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या त्या हिशेबात बसतच नाहीत. यादगीर किंवा कलबुर्गीहून आलेली बाई बाळंतपणाला गावी जाते, दोन महिन्यांचे मूल घेऊन परत येते, तेव्हा ते मूल गावच्या यादीतून उठलेले असते आणि शहराच्या यादीत चढलेले नसते. पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटा यांचे डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला असतात, म्हणजे नेमके या जाण्या-येण्याच्या काळात. इमारत पुरी झाली की छावणी उठते, आणि नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस तिसऱ्याच वॉर्डात द्यावी लागते. आई-बाळाच्या नोंदीचे तायी कार्ड गावच्या पेटीत राहिलेले असते. लसीकरणाचे सत्र बहुधा ठरलेल्या वारी, कामाच्या वेळेत भरते, आणि आईने त्या दिवशी सुट्टी घेतली तर तिची मजुरी बुडते. गारमेंट कारखान्यात जाणाऱ्या बाईचीही हीच अडचण. यात लसीला विरोध कुठेच नाही.

इतक्या थोड्या मुलांसाठी एवढा आटापिटा कशाला, असे कोणी विचारील. गोवर त्याचे उत्तर देतो. एक गोवराचा रुग्ण, लस न घेतलेल्या समाजात, बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो. म्हणून हा रोग थोपवायला लसीच्या दोन्ही मात्रा ९५ टक्के मुलांपर्यंत पोहोचाव्या लागतात. शहराची सरासरी ९० टक्के असली आणि उरलेली दहा टक्के मुले सर्वत्र विखुरलेली असली तर धोका कमी राहिला असता. ती विखुरलेली नसतात. ती एकाच झोपडपट्टीत, एकाच मजूर छावणीत दाटीवाटीने असतात. २०२२च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवराचा उद्रेक झाला तेव्हा महाराष्ट्राने हे पाहिले. बालके दगावली, केंद्राला तज्ज्ञांचे पथक पाठवावे लागले, आणि बाधित भागांत लसीच्या जादा मात्रा देण्याचा निर्णय घ्यावा लागला. मुंबईचा एकूण आकडा त्या वस्तीतले भगदाड दाखवत नव्हता. सरासरीने समाधान मानणाऱ्या प्रत्येक शहराला गोवर असाच हिशेब विचारतो.

यादी केल्याने काय साधते, हे या देशाने एकदा सिद्ध करून दाखवले आहे. पल्स पोलिओची देशव्यापी मोहीम १९९५च्या डिसेंबरात सुरू झाली. बूथवर मुले येतात म्हणून आपण जिंकू, असा सुरुवातीचा भरवसा होता. पोलिओ हटला तो नंतर घरोघरी गेलेल्या पथकांमुळे. डाव्या करंगळीवर शाई, दारावर ‘पी’ किंवा, मूल सुटले असेल तर, ‘एक्स’ची खूण, आणि ‘एक्स’ लागलेल्या घरी पुन्हा फेरी. बसस्थानके, रेल्वे फलाट, वीटभट्ट्या, बांधकामे, भटक्यांचे तळ यांची वेगळी यादी करून तिथे वेगळी पथके नेमली गेली. २००९ मध्ये देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२, आणि १३ जानेवारी २०११ला पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात शेवटचा रुग्ण आढळला. २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. लस आधीही तीच होती आणि घोषणाही होत्या. फरक पडला तो निसटणारे मूल कुठे असते हे आधी शोधून, मग तिथे जाण्याने. मिशन इंद्रधनुष २०१४ मध्ये सुरू झाले तेव्हा हाच धडा समोर होता. मोहिमेआधी घरोघरी शिरगणती करायची आणि सुटलेल्या मुलांची नावे काढायची, ही त्याची खरी ताकद. अडचण अशी की मोहीम संपली की शिरगणतीही संपते, आणि बंगळुरूत सहा महिन्यांपूर्वीची यादी जुनी झालेली असते.

या मांडणीवर पहिला आक्षेप येतो तो नकाराचा. गोवर-रुबेला लसीची देशव्यापी मोहीम ५ फेब्रुवारी २०१७ला बंगळुरूतूनच सुरू झाली, आणि तेव्हा कर्नाटकात व तमिळनाडूत व्हॉट्सॲपवरून अफवांचे पीक आले होते, हे खरे आहे. काही शाळांतल्या पालकांनी मुले पाठवली नाहीत, हेही खरे. नकार नसतोच असे माझे म्हणणे नाही. पण नकार देणारा पालक निदान माहीत तरी असतो. त्याच्याशी बोलता येते, शाळेतले शिक्षक, वस्तीतले डॉक्टर, मशिदीतले किंवा चर्चमधले वडीलधारे त्याची समजूत घालू शकतात. जिचे मूल यादीतच नाही तिच्याशी बोलायला कोणी जात नाही. शिवाय संशय उपजतो तो बहुधा अनोळखी माणसाने अचानक सुई घेऊन येण्यातून. वर्षभर घरी येणारी, बाळाचे वजन करणारी, तापात चौकशी करणारी बाई लस टोचायला बोलावते तेव्हा अफवेला जागा कमी उरते. तेव्हा माग ठेवणारी व्यवस्था हाच नकारावरचाही सर्वांत टिकाऊ उपाय आहे.

काही जण म्हणतात, सक्ती करा, लसीच्या दाखल्याशिवाय शाळेत प्रवेश देऊ नका. मराठी वाचकाला सक्तीचा इतिहास सांगायला नको. १८९७ला पुण्यात प्लेगच्या नावाखाली सैनिक घराघरांत घुसले, त्याचा शेवट प्लेग अधिकारी रँडच्या खुनात झाला, आणि रोग हटला नाही. त्याच प्लेगमध्ये मुंढव्याच्या आजारी मुलाला हडपसरजवळच्या दवाखान्यात नेताना सावित्रीबाई फुल्यांना लागण झाली आणि त्या गेल्या. लोकांना दवाखान्याकडे नेणाऱ्या दोन वाटा, सक्तीची आणि सेवेची, तेव्हाच दिसल्या होत्या. १८९८च्या ऑगस्टात प्लेग बंगळुरूत पोहोचला. बसवनगुडी आणि मल्लेश्वरमसारख्या मोकळ्या वसाहती त्यातून आकाराला आल्या, पण पेठेतल्या गरिबांच्या मनात सरकारी तपासणीची धास्तीही बसली. आजच्या सक्तीचा मार बसेल तो मजुराच्या मुलावर. लस मिळाली नाही म्हणून त्याची शाळाही जाईल. शाळाप्रवेशाच्या वेळी दाखला जरूर पाहावा, तो नसेल तर त्याच आठवड्यात लस द्यावी, आणि प्रवेश मात्र अडवू नये.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाच्या भक्तांचा. यू-विन हे संकेतस्थळ आले आहे, त्यात प्रत्येक गरोदर स्त्रीची आणि बाळाची नोंद होते, मूल देशात कुठेही गेले तरी पुढची मात्रा तिथे घेता येते, मग आशाताईच्या वहीची गरज काय? यू-विन ही चांगली सोय आहे. यादगीरची नोंद बंगळुरूत दिसणे ही स्थलांतरितांच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. पण संगणकात तेच मूल दिसते ज्याची नोंद कोणीतरी केली. मोबाइल नवऱ्याकडे, तो कामावर, सिम कार्ड तीन महिन्यांत बदलले, संदेश ज्या भाषेत येतो ती आईला वाचता येत नाही. आठवणीचा संदेश कोणाला मिळाला नाही हे यंत्राला कळेल, पण ती बाई आता कोणत्या छावणीत आहे हे चालत जाणाऱ्या माणसालाच कळते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार एकही मात्रा न मिळालेली मुले भारतात २०२१ मध्ये सुमारे २७ लाख होती, २०२३ मध्ये १६ लाख आणि २०२४ मध्ये ९ लाख. आकडा उतरतो आहे, पण उरलेली मुले यंत्राच्या नजरेबाहेरची, म्हणून शोधायला सर्वांत अवघड आहेत.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. गरिबांची यादी करणे म्हणजे त्यांना पकडण्याची सोय करणे, अशी भीती वस्त्यांत आहे आणि ती निराधार नाही. २०२० सालच्या जानेवारीत बेळ्ळंदूरजवळ करियम्मन अग्रहारात स्थलांतरितांच्या झोपड्या, तिथे बांगलादेशी राहतात असे सांगत, पाडण्यात आल्या. त्यांत कर्नाटकातलीच आणि देशाच्या इतर राज्यांतली माणसे राहत होती. उच्च न्यायालयाने या पाडकामाबद्दल सरकारला फटकारले आणि पुनर्वसनाचा आदेश दिला. ज्या यंत्रणेचे बुलडोझर काल आले तिचीच बाई आज वही घेऊन मुले मोजायला आली, तर आईने दार का उघडावे? याचे उत्तर यादी न करणे हे नाही, कारण यादी नसल्याची किंमत त्याच आईचे मूल देते. बालकांची आरोग्य यादी पोलीस, पाडकाम किंवा नागरिकत्व यांच्या कोणत्याही कामासाठी वापरली जाणार नाही, आधार नसले तरी लस मिळेल, आणि ही हमी त्या वस्तीच्या भाषेत लेखी मिळेल, असे महापालिकेने जाहीर करून पाळले पाहिजे. विश्वास हा लसीकरणाच्या साधनांपैकी एक आहे, आणि शीतसाखळीसारखाच तो एकदा तुटला की आतला माल वाया जातो.

तपासणीच्या कार्यक्रमांत हीच गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ला पालघरहून झाली. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि वाढीतील विलंब अशा तीस स्थितींसाठी जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करायची, फिरत्या पथकांनी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा जायचे, अशी ही योजना आहे. उत्तम योजना, पण जे मूल अंगणवाडीतही नाही आणि शाळेतही नाही ते तपासणीतूनही सुटते. लस चुकलेले आणि तपासणी चुकलेले मूल बहुधा एकच असते. १९६८ मध्ये विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी तपासणीची तत्त्वे लिहिली, त्यांत निदान झालेल्यांवर उपचाराची सोय असणे ही अट ठळक आहे. हृदयाला छिद्र आहे असे सांगून चिठ्ठी हातात द्यायची आणि शस्त्रक्रियेची वाट आईने एकटीने शोधायची, ही तपासणी म्हणजे १९६३च्या खोकल्याच्या बाटलीचीच नवी आवृत्ती ठरेल.

ही अट पुरी केली तर काय होते, याचे उदाहरणही बंगळुरूतच आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या दृष्टिपटलाला होणारा आजार वेळेत न ओळखला तर कायमचे अंधत्व येते, आणि एकदा उपचाराची गरज दिसली की दोन-तीन दिवसांत लेसर करावे लागते. नारायण नेत्रालयाच्या डॉ. आनंद विनेकर यांनी २००८ मध्ये ‘किडरॉप’ सुरू केला. प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन जिल्ह्यांतल्या नवजात अतिदक्षता विभागांत जातात, डोळ्यांची छायाचित्रे काढतात, बंगळुरूतले तज्ज्ञ ती पाहतात आणि गरज असेल तिथे उपचाराची तजवीज होते. हा प्रयोग टिकला याची दोन कारणे आहेत. अतिदक्षता विभागातल्या प्रत्येक कमी वजनाच्या बाळाची यादी तिथे तयार असते, आणि तपासणीला उपचार जोडलेला असतो. क्षयाचेही तसेच. घरात कोणाला फुप्फुसाचा क्षय झाला की त्या घरातल्या पाच वर्षांखालच्या मुलांना प्रतिबंधक औषध द्यायचे असते. बीसीजी लहानग्यांना क्षयाच्या मेंदूज्वरासारख्या जीवघेण्या रूपांपासून वाचवते, पण मोठेपणीच्या फुप्फुसाच्या क्षयाविरुद्ध तिचा उपयोग चिंगलपेटच्या चाचणीत दिसला नाही. म्हणून घरातल्या संपर्कातली मुले शोधणे टाळता येत नाही. इथे यादीची सुरुवात रुग्णाच्या पत्त्यापासून होते, आणि पत्ता बदलला की पुन्हा मूल हरवते.

खर्चाचा प्रश्न उरतो. १९९०च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने ‘भारत लोकसंख्या प्रकल्प-८’ बंगळुरूत राबवला गेला. त्यातून झोपडपट्ट्यांलगत आरोग्य केंद्रे उभी राहिली आणि वस्तीतल्याच स्त्रियांना दुवा कार्यकर्त्या म्हणून नेमले गेले. म्हणजे कल्पना नवी नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये शहरात १०८ नम्म क्लिनिक सुरू झाली, प्रत्येक वॉर्डात एक हे उद्दिष्ट ठेवून. इमारत आणि डॉक्टर मिळाले ही जमेची बाजू. पण क्लिनिक येणाऱ्याला तपासते, न येणाऱ्याला शोधत नाही. शोधणारी आशाताई मानधनावर आहे. कर्नाटकातल्या सुमारे ४२ हजार आशांच्या संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या फ्रीडम पार्कमध्ये महिना १५ हजारांच्या मागणीसाठी धरणे धरले, आणि किमान दहा हजारांच्या आश्वासनावर ते मागे घेतले. पूर्ण वेळ काम, प्रत्येक नव्या सर्वेक्षणाची भर, आणि नोकरीचा दर्जा नाही. तिने यादी अचूक ठेवावी अशी अपेक्षा करणाऱ्या शहराने आधी तिला कर्मचारी मानले पाहिजे.

सुखवस्तू वाचकाला हा विषय परका वाटू शकतो. आपली मुले खासगी बालरोगतज्ज्ञाकडे वेळच्या वेळी लस घेतात, एमएमआरही घेतात. पण नऊ महिन्यांखालचे बाळ कोणत्याही घरातले असले तरी त्याला गोवराची लस मिळालेली नसते, आणि ज्या घरात मजुराची बायको धुणीभांड्याला येते त्या घराच्या आणि तिच्या छावणीच्या हवेत भिंत नसते. शिवाय खासगी दवाखान्यांत दिलेल्या मात्रा पालिकेच्या नोंदीत नियमाने आल्या नाहीत, तर भगदाड कुठे आहे हेच कळत नाही. नोंद करणे हे खासगी डॉक्टरांचेही सार्वजनिक कर्तव्य आहे.

सप्टेंबर २०२५ पासून बंगळुरूचा कारभार एका महापालिकेऐवजी पाच महापालिकांकडे आणि त्यांच्यावरच्या बृहत् बंगळुरू प्राधिकरणाकडे गेला आहे. हद्दी बदलतात तेव्हा यादीबाहेरची मुले वाढतात. मजूर छावणी एका पालिकेतून उठून दुसरीत गेली तर जबाबदारी कोणाची, हे पहिल्याच वर्षी ठरले पाहिजे. उपाय अवघड नाहीत. इमारतीला बांधकामाची परवानगी पालिकाच देते. त्या परवान्यासोबत मजूर छावणीची नोंद आणि तिथे महिन्यातून एक लसीकरण सत्र बंधनकारक करता येईल. पन्नासांहून अधिक स्त्री कामगार असतील तिथे पाळणाघर हवे, ही अट १९९६च्या बांधकाम कामगार कायद्याने घातली होती. ते पाळणाघर लसीचे, वजनाचे आणि तपासणीचे ठिकाण होऊ शकते. संध्याकाळची आणि रविवारची सत्रे, कन्नडसोबत हिंदी, तेलुगू, बंगाली, ओडिया आणि मराठी बोलणारी माणसे, आणि दर तीन महिन्यांनी ताजी शिरगणती. आणि आपण नागरिकांनी पालिकेला विचारायचा प्रश्नही बदलला पाहिजे. किती मुलांना लस दिली, हा आकडा प्रत्येक प्रशासन अभिमानाने सांगते. तुमच्या हद्दीत आज किती मुले आहेत, हे तुम्हाला कसे कळले, आणि मागच्या तिमाहीत यादीत नसलेली किती सापडली, असे पाचही आयुक्तांना विचारावे. ज्या पालिकेकडे शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘एकही नाही’ असेल, तिच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये, कारण तिने शोधलेच नसणार.